चार लीडर आणि एक पेशंट

गावंडे सर पुण्याच्या त्या कार्यशाळेला गेलेच नसते, तर पुढचं काहीही झालं नसतं. हे वाक्य रागिणीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की आताशा ते त्यांना आपलंच मत वाटतं.

तसं जाण्याचं कारण फार थोर नव्हतं. देवानंद गावंडे हे अमरावतीत, बडनेरा रोडवरच्या एका संस्थेच्या फार्मसी कॉलेजात शिकवतात. पुण्याहून बोलावणं आलं तेव्हा बाकीच्या स्टाफची नेमकी त्याच आठवड्यात लग्नं, बारशी आणि पाठदुखी निघाली. आणि जाणाऱ्याला लॅपटॉपची बॅग मिळते असं सरांच्या कानावर आलं होतं. सर गेले. तिथे त्यांनी वर्तमानपत्राचे मनोरे बांधले, डोळे मिटून एका अनोळखी दंतवैद्याच्या अंगावर मागे पडून दाखवलं, आणि डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट होऊ घातलेल्या मुलांना शिकतानाच एकत्र काम करायला आणि वेळ पडेल तेव्हा पुढाकार घ्यायला कसं शिकवावं, यावर पुष्कळ भाषणं ऐकली. विषय त्यांना अगदी मनापासून पटला. बॅगेची चेन मात्र बडनेरा येईपर्यंतही टिकली नाही.

परत आल्यावर संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी त्यांना बोलावून घेतलं. संस्थेची चार कॉलेजं एकाच आवारात आहेत. आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपी. चारही कॉलेजांना कुंपण एक, गेट एक, चहाची टपरीही एक. पण चौघांचं आपसात बोलणं फक्त पार्किंगवरून व्हायचं. आता तपासणी समिती येणार होती आणि तिला नेमकं हेच पाहायचं होतं, की ही पोरं एकत्र काय शिकतात.

"गावंडे सर, तुमी एक्स्पर्ट झाले आता," बापूसाहेब म्हणाले. "समितीपुढं झक्कास प्रात्यक्षिक करून दाखवा. एक पेशंट, चार पोट्टे, सगळे मिळून त्याले वाचवून राहिले, असं काई तरी. जमलं तं जमलं. नाईच जमलं तं आपलं हिवरखेडले नवीन कॉलेज सुरू होऊन राह्यलं. तिथं बी माणसं लागतेच."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की सर "हो" म्हणून बाहेर पडले आणि अर्थ जिन्यात लक्षात आला.

हिवरखेडबद्दल सरांचं मत वाईट मुळीच नव्हतं. गाव चांगलं, मोठं, माणसं खाऊनपिऊन सुखी. पण ते तिकडे अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. इकडे अमरावतीत रागिणीबाईंची शाळा होती, नुकतंच बांधलेलं घर होतं, आणि त्या घराच्या बाथरूमला सरांनी स्वतः दुकानोदुकानी फिरून आणलेल्या टाइल्स होत्या. ज्या माणसाने टाइल्सचा रंग ठरवण्यासाठी एक दिवाळी घालवली, त्याला ती बाथरूम सोडून दुसऱ्या गावी खोली करून राहा म्हणणं हा जुलूम आहे. प्रात्यक्षिक जमलंच पाहिजे, असा निश्चय करून सर घरी आले.

घरी शेजारचे पुंजाजी बसलेच होते. पुंजाजी बडनेऱ्याहून रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही प्रश्न त्यांना गाडीच्या रूपात दिसतो.

"देवानंदभाऊ, याच्यात शिकवाचं काय हाये?" ते म्हणाले. "गाडीले ड्रायवर एक, गार्ड एक. ड्रायवरनं मांगं पाह्यचं नाई, गार्डनं पुढं जायचं नाई. तीस वर्ष आमी असेच चाललो. एकमेकाचं थोबाड बी पाह्यलं नाई."

"पण पुंजाजी, इथे चौघांनी एकत्र काम करायचं आहे."

"मंग चार डब्बे समजा."

सरांनी चौघांचे चार डबे समजून पाहिले. काही उजेड पडला नाही. पण हा सल्ला पुंजाजी पुढे रोज संध्याकाळी देत राहिले आणि त्यावर चहाही पीत राहिले.

खरा त्रास चार प्राचार्यांनी दिला. कार्यक्रम म्हटलं की निमंत्रणपत्रिका आली, आणि पत्रिका आली की नावांचा क्रम आला. आयुर्वेदचे प्राचार्य म्हणाले, आमचं शास्त्र सगळ्यांत जुनं. फार्मसीचे म्हणाले, आयोजक आमचा माणूस. फिजिओथेरपीचे म्हणाले, आम्हाला नेहमीच शेवटी टाकता, या वेळी सहन करणार नाही. आणि नर्सिंगच्या सत्यभामाबाई गावंडे सरांकडे अशा पाहत राहिल्या की सरांनी आपोआप पेन खिशात ठेवलं. शेवटी सरांनीच तोडगा काढला. चारही नावं गोलात छापायची. म्हणजे पहिला कोणी नाही, शेवटचा कोणी नाही. पुण्यात याला समानता म्हणतात. प्रूफ आलं तेव्हा चौघांनीही एकच प्रश्न विचारला, की गोलात वर कोणाचं नाव आहे?

पत्रिका तीनदा छापून शेवटी रद्द झाली आणि सगळ्यांना फोन करायचं ठरलं. मग कोणाला आधी फोन गेला यावरून दोन दिवस गेले.

मुलं तरी तरुण आहेत, त्यांच्या डोक्यात हे खूळ नसेल, अशी सरांना आशा होती. प्रत्येक कॉलेजातून एकेक हुशार विद्यार्थी मागवला होता. आयुर्वेदचा मनोज, नर्सिंगची माया, फार्मसीचा नागसेन आणि फिजिओथेरपीची गीतांजली. सरांनी चौघांपुढे जुनी वर्तमानपत्रं ठेवली आणि सांगितलं, की मिळून एक उंच मनोरा करा. स्वतः मागे जाऊन बसले. शिकवणाऱ्याने मध्ये पडायचं नसतं, हेही ते पुण्यात शिकून आले होते.

बऱ्याच वेळाने येऊन पाहतात तो वर्तमानपत्रं जशीच्या तशी.

"काय रे, मनोरा कुठे?"

"सर, बॉडी तयार झाली," मनोज अभिमानाने म्हणाला.

चौघांनी एक समिती स्थापन केली होती. मनोज अध्यक्ष, नागसेन कार्याध्यक्ष, गीतांजली सचिव आणि माया उपाध्यक्ष. गणपती मंडळात वाढलेली पोरं. चार माणसं एकत्र आली की आधी कार्यकारिणी करायची, हे त्यांच्या रक्तातच होतं. सगळे पदाधिकारी झाले होते आणि सदस्य कोणी उरला नव्हता, त्यामुळे मनोरा कोणी बांधायचा हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला होता.

"बरं, मग तुमचा लीडर कोण?" सरांनी विचारलं. पुण्यात प्रत्येक खेळानंतर हा प्रश्न विचारत.

चारही हात वर गेले.

"मी अध्यक्ष हावो न सर," मनोज म्हणाला.

"अध्यक्ष नावाचा असते," नागसेन म्हणाला. "काम तं कार्याध्यक्ष करते."

"अजून कोणीच काम केलेलं नाही!" सर ओरडले. ओरडायचं नसतं, हेही पुण्यात शिकवलं होतं. पण पुण्यातल्या माणसांना हिवरखेडला पाठवणार नव्हते.

तालमी होत राहिल्या आणि सरांचं वजन उतरत राहिलं. मनोजच्या गळ्यात स्टेथोस्कोप, म्हणून नागसेननेही आणला. मग गीतांजलीने. मग मायाने, कारण सत्यभामाबाईंनी स्वतः तिच्या गळ्यात घातला. चार गळ्यांत चार स्टेथोस्कोप, आणि रक्तदाब मोजायचं यंत्र आणायला सगळे विसरलेले. पलंग नर्सिंगकडून मिळाला, पण गादी मिळाली नाही. गादी आयुर्वेदची होती आणि तिला गेटपास लागत होता. एका आवारातून त्याच आवारात न्यायच्या गादीला गेटपास का लागतो, असं सरांनी विचारलं. उत्तर मिळालं, की असा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नाही.

आणि पेशंट? नर्सिंगकडे सरावाचा पुतळा होता, पण सत्यभामाबाई म्हणाल्या, त्याला परक्या कॉलेजच्या मुलांनी हात लावलेला चालणार नाही. विद्यार्थ्यांपैकी कोणी पेशंट व्हायला तयार नव्हता, कारण पेशंट लीडर होऊ शकत नाही. या संकटात रागिणीबाईंनी अकोल्याला माहेरी फोन केला आणि सहज सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावंडे सरांचे सासरे, पंजाबराव, बडनेऱ्याच्या स्टेशनवर पिशवी घेऊन हजर.

पंजाबराव अकोल्याला फुलांचा आणि भाज्यांचा व्यापार करत. आता धंदा मुलाकडे सोपवलेला, आवाज मात्र बाजारातलाच राहिला होता. तरुणपणी गावच्या नाटकात ते मरायचे, आणि त्यांच्या मरण्याला वन्समोअर मिळायचा, असं तेच सांगत.

"जवाईबुवा, तुमी काई चिंता करू नका," ते म्हणाले. "असा हार्ट अटॅक देतो का समिती रडली पाह्यजे."

"बाबा, फक्त शांत पडून राहायचं आहे."

"पडून तं कोनीबी राह्यते. मंग मले काहून बोलावलं?"

त्यांना बोलावलं नव्हतं, हे जावई या नात्याने सरांना म्हणता आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी समिती सकाळी येणार होती. दुपार होत आली तरी पत्ता नव्हता. हॉलमध्ये विद्यार्थी, स्टेजवर रिकाम्या खुर्च्या, खुर्च्यांच्या मागे बिनगादीचा पलंग, आणि त्या पलंगावर पंजाबराव घरचं पांघरूण अंथरून कधीचे तयार. रागिणीबाईंनी त्यांच्यासाठी डब्यात पोहे दिले होते. सरांनी दोनदा सांगितलं, बाबा खाऊन घ्या.

"पाव्हने आले नाई अजून," पंजाबराव म्हणाले. "पाव्हन्याच्या आंधी आपुन खाचं? आपल्या घरी अशी रीत नाई. समिती जेवली का मंग पाहू."

"तुमची डायबेटिसची, साखरेची गोळी?"

"ते तं सकाळीच घेतली. गोळीत काय रीत अन् काय पाव्हने?"

सरांचं याकडे लक्ष जायला हवं होतं. ते फार्मसी शिकवत होते. पण तेवढ्यात समितीच्या गाड्या गेटमधून आत आल्या आणि सर तिकडे धावले.

समितीत दोन पुरुष आणि समितीच्या प्रमुख कौशल्याबाई. बाई कमी बोलणाऱ्या आणि चष्म्यावरून पाहणाऱ्या. कार्यक्रम सुरू झाला म्हणजे सत्कार सुरू झाले. समितीचा सत्कार, बापूसाहेबांचा सत्कार, चार प्राचार्यांचा सत्कार. तोही एकाच क्षणी, चार जणांनी चार जणांना शाली घालून, म्हणजे पुन्हा क्रमाची भानगड नको. ही शक्कल सरांचीच होती, आणि एवढी एकच त्या दिवशी ठरल्याप्रमाणे पार पडली.

मग खुर्च्या हलवून पाहुण्यांना खाली पहिल्या रांगेत बसवलं आणि सर माइकवर म्हणाले, "आता प्रात्यक्षिक. पेशंटच्या छातीत अचानक दुखू लागलं आहे..."

"थांबा, थांबा," बापूसाहेब मध्येच उठले. "हे पेशंट म्हंजे आपल्या गावंडे सरांचे सासरे. अकोल्यावरून आले. पाव्हना माणूस बिना सत्काराचा झोपून राहीन, हे आपल्या संस्थेले शोभत नाई."

आणि छातीत दुखत असलेल्या पेशंटला आडव्याचाच शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पंजाबरावांनी छातीवर ठेवलेल्या हातात नारळ धरला आणि कण्हता कण्हता सभेला नमस्कार केला. टाळ्या झाल्या. कौशल्याबाईंनी चष्मा काढून पुसला. सरांना त्या क्षणी हिवरखेडचा बसस्टँड डोळ्यांसमोर दिसला.

त्यानंतर चौघे आले. चौघेही पेशंटच्या डोक्याशी उभे राहिले, कारण फोटोग्राफर त्या बाजूला होता. पायाशी कोणी नाही. मनोजने समितीचा परिचय करून दिला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या समितीचा, पदांसकट. नागसेनने त्यात दुरुस्ती केली. गीतांजली म्हणाली की सचिवाला प्रस्तावनेचा मान असतो. पहिल्या रांगेत चारही प्राचार्य आपापल्या विद्यार्थ्याला खुणा करत होते, पुढे हो, पुढे हो. चार स्टेथोस्कोप एकाच वेळी पेशंटच्या छातीवर टेकले आणि नारळ खाली पडून स्टेजभर गडगडत गेला. हॉलमध्ये हशा पिकला.

गावंडे सर पडद्याच्या दोरीला धरून उभे होते. एक मनात आलं, की हा पडदा पाडून टाकावा. दोरी ओढूनही पाहिली. पडदा अडकलेला होता.

पंजाबराव आता भलतंच काही करायला लागले होते. ते काहीतरी पुटपुटत होते. "गिलके घ्या... गिलके... कोन घेऊन गेलं मापं..." हाताला थरथर. कपाळावरून घाम गळत होता. हॉलमधून शिट्टी आली. "वा काका!" कोणीतरी ओरडलं. सरांनी दात-ओठ खाल्ले. शांत पडून राहायचं सांगितलं होतं, आणि हा माणूस हार्ट अटॅकमध्ये भाजी विकतो आहे!

मायाने पेशंटचा हात धरला होता. तालमीत धरायची तसा, नाडीवर. तिने तो सोडला नाही. दुसरा हात तिने कपाळाला लावला आणि हळूच म्हणाली, "सर, काकाचं अंग थंडगार हाये. हे नाटक नोहे."

पुढे जे झालं, ते सरांना नंतरही सलग आठवत नाही. गीतांजली पायाकडून वळसा घालून आली, पंजाबरावांच्या पाठीखाली हात घालून तिने त्यांना अर्धवट बसतं केलं आणि स्वतः मागे टेकू देऊन बसली. नागसेनने त्यांच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि ओरडला, "साखरेची गोळी घेतली हाये! काका, जेवले का?" सरांनी नकाराची मान हलवली. मायाने आपल्या पेटीतलं साखर मोजायचं यंत्र काढून बोटाला टोचलंदेखील होतं. "लय कमी हाये," ती म्हणाली. मनोज स्टेजवरून उडी मारून खाली गेला आणि समितीसमोरच्या चहाच्या ट्रेमधली साखरेची वाटी उचलून आला. ती साखर नागसेनने पाण्यात ढवळली, मनोजने पेला धरला. "काका, माह्याकडे पाहा. गिळता येते न? घोट घोट घ्या." मायाने सत्काराची शाल ओढून पंजाबरावांच्या अंगाभोवती गुंडाळली. कोणी कोणाला हुकूम सोडत नव्हतं. एकाचा हात रिकामा झाला की दुसऱ्याला लागेल ते त्यात आलेलं असायचं.

सर पलंगाच्या पायाशी उकिडवे बसले होते. समिती, बापूसाहेब, बाथरूम, काहीही त्यांच्या डोक्यात नव्हतं. सासऱ्याचा तळपाय दोन्ही हातांत धरून ते एवढंच म्हणत होते, "बाबा, पोहे खाऊन घ्यायचे होते हो. पोहे खाऊन घ्यायचे होते."

थोड्या वेळाने पंजाबरावांनी डोळे नीट उघडले, सभेकडे पाहिलं आणि विचारलं, "समिती रडली का?"

हॉल टाळ्यांनी दुमदुमला. समितीला अजून वाटत होतं, की सगळं आधी बसवलेलं आहे. कौशल्याबाई उठून स्टेजवर आल्या. त्यांनी मुलांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला, ज्याच्या भीतीने सरांची झोप उडालेली होती.

"तुमच्यात लीडर कोण होतं?"

सरांनी डोळे मिटून घेतले. चार हात वर जाणार होते.

एकही गेला नाही. मनोजने मायाकडे पाहिलं. मायाने गीतांजलीकडे. गीतांजलीचे दोन्ही हात पंजाबरावांच्या पाठीमागे होते. शेवटी नागसेन ओशाळून म्हणाला, "मॅडम, ते ठरवाले टाईमच नाई भेटला."

कौशल्याबाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, असं प्रात्यक्षिक मी आजवर पाहिलेलं नाही, आणि हे शिकवणारा माणूस कोण आहे? चार प्राचार्यांनी एकदम बोट दाखवलं. सर पलंगाच्या पायाशी, हातात सासऱ्याचा पाय.

समिती जेवायला गेली आणि पंजाबरावांनी अखेर पोहे खाल्ले. गार पोहे आपल्याला कधीच आवडले नव्हते, असं त्यांनी खाता खाता तीनदा सांगितलं. सरांना ते बोलणं आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटलं. सगळं निभावलं होतं. आता घरी जायचं, अंघोळ करायची, टाइल्सकडे पाहत बसायचं.

तेवढ्यात बापूसाहेब आले, मागे चारही प्राचार्य. पाचही चेहरे फुललेले.

"गावंडे सर, समिती खूश. पैकीच्या पैकी. मॅडम म्हणाल्या, असा माणूस नव्या कॉलेजले पाह्यजे, म्हंजे पह्यल्या दिवसापासून पोट्टे एकत्र शिकतीन. मी म्हटलं, आपलं हिवरखेड हाये न."

सरांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पण बापूसाहेब, तुम्ही म्हणाला होतात, की जमलं नाही तर..."

"नाई जमलं असतं तं साधं पाठवलं असतं. आता मानानं पाठवून राह्यलो. अन् मी एकट्यानं नाई ठरवलं. चारही प्राचार्यायले विचारलं. एका मिनिटात एकमत! कोनाचं नाव आंधी नाई, मांगं नाई. इतके दिवस या संस्थेत असं झालं नोहतं. हे तुमच्याच शिकवण्याचं फळ हाये, सर."

चारही प्राचार्यांनी एकाच वेळी मान डोलावली. सत्यभामाबाईसुद्धा.

"माह्या अकोला जिल्ह्यात येऊन राह्यले जवाई!" पंजाबराव पोह्यांच्या डब्यावरून ओरडले. "पेशंट लागला तं मी हावोच."

या निर्णयाबद्दल सरांचा सत्कार करायचं ठरलं. पण शाली संपल्या होत्या. मग आयुर्वेदच्या प्राचार्यांनी पंजाबरावांच्या अंगावरची शाल उचलली, फिजिओथेरपीच्यांनी ती झटकली, फार्मसीच्यांनी घडी घातली, आणि सत्यभामाबाईंनी ती गावंडे सरांच्या खांद्यांवर घातली. सासऱ्याच्या घामाने ती अजून ओलीच होती. कोणाला काही सांगावं लागलं नाही.